कसारा : टोकावरचं गाव आणि मोजणीबाहेरच्या बाया

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या फलाटावर कधी उभ्या राहिला असाल, तर ‘कसारा’ हे नाव तुमच्या कानावर नक्की पडलं असेल. इंडिकेटरवर ‘एन’ हे अक्षर लागलं की ती गाडी कसाऱ्याची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२० किलोमीटरवरचं, लोकलचं या बाजूचं शेवटचं स्टेशन. नाव रोज लाखोंच्या कानावर, पण गाव पाहिलेली माणसं फार थोडी. कारण कसाऱ्याला कुणी मुक्कामाला येत नाही, जो येतो तो पुढं जायला येतो. नाशिककर इथं लोकलमधून उतरतो आणि स्टेशनबाहेरच्या जीपमध्ये बसतो. खोडाळा, मोखाडा, जव्हारकडे जाणारा एसटीची वाट बघतो. पावसाळ्यात शहरातली तरुण मुलं विहीगावच्या धबधब्याकडे धावतात. शाहरुख खानच्या ‘अशोका’चं चित्रीकरण तिथं झाल्यापासून त्याचं नावच ‘अशोका धबधबा’ पडलंय!

सगळे जर येऊन निघून जाणारेच, तर मग या गावात राहतं तरी कोण? आणि अशा गावाची लोकसंख्या किती म्हणायची? प्रश्न साधा वाटतो खरा. पण उत्तर शोधायला गेलं की त्यात तुमची-आमची, छोट्या गावातल्या प्रत्येक बाईची गोष्ट सापडते.

रुळांनी वाढवलेलं गाव

थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, ही कोकण आणि देश जोडणारी जुनी वाट. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल अशाच घाटवाटांनी नाशिककडे चढायचा. पण आज दिसतो तो कसारा खऱ्या अर्थानं वाढला रेल्वेमुळे.

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो. दुसऱ्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १८५५ मध्ये वासिंदला. १ जानेवारी १८६१ ला ते कसाऱ्यापर्यंत आले. आणि तिथंच थांबले! कारण समोर सह्याद्री उभा. पुढची चार वर्षं कसारा हे रुळांचं टोक होतं. वर घाटात सुरुंगांचे आवाज घुमत होते आणि खाली गाडीतून उतरलेल्या माणसाला नि मालाला डोंगर चढायचा होता तो घाटरस्त्यानंच.

घाटाचं काम सोपं नव्हतं. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना जेमतेम पंधरा किलोमीटरमध्ये गाडीला सुमारे तीनशे मीटर चढावं लागतं. दर ३७ फुटांना एक फूट चढ. त्यासाठी बोगदे खोदले, खोल दऱ्यांवर पूल बांधले आणि १ जानेवारी १८६५ ला गाडी इगतपुरीला पोचली. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या आखणीनुसार हे काम झालं, पण ते पुरं झालेलं बघायला तो राहिला नाही. १८६२ मध्येच तो वारला.

इथं एका बाईची आठवण काढायलाच हवी. त्याच वर्षांत खाली खंडाळ्याच्या बाजूला भोर घाटाचं काम चाललं होतं. तिथला इंग्रज कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची बायको अ‍ॅलिस सामानसुमान आवरून मायदेशी गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण तिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं, कामावर देखरेखीला माणसं नेमली आणि १८६३ मध्ये घाट पुरा झाला. या घाटावर १८६१ च्या सुमारास एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत होते. अ‍ॅलिसबाईंचं नाव इतिहासात राहिलं, याचा आनंदच आहे. पण त्या दोन्ही घाटांवर डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या, पाठीशी पोर बांधून खडी उचलणाऱ्या, पटकीच्या साथीत तिथंच संपलेल्या आपल्या बाया? त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत? कंत्राटाच्या कागदावर सही असली की माणूस इतिहासात जातं, पाटी वाहिली की नाही जात.

मागून ढकलणारं इंजिन

कसाऱ्याला मेल-एक्स्प्रेस गाड्या थांबतात त्या उतारूंसाठी कमी आणि इंजिनासाठी जास्त. घाट चढायला एक इंजिन पुरत नाही, म्हणून इथं गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. वर इगतपुरीला पोचलं की मागची इंजिनं सुटतात आणि गाडी ऐटीत नाशिककडे निघून जाते. पाठीमागून जोर लावणाऱ्याकडे खिडकीतल्या कुणाचं लक्षही नसतं. घरोघरच्या बायांना हे काही वेगळं समजावून सांगायला नको!

या इंजिनांभोवती गाव वाढलं. रेल्वेचे चालक, गँगमन, पॉइंट्समन आले. त्यांच्यासाठी क्वार्टर्स झाली. क्वार्टर्समागे किराणा दुकानदार आला, शिंपी आला, चहावाला आला. शेजारून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, त्यामुळे ट्रकवाले आले, त्यांच्यामागे ढाबे आणि टायरवाले. कसाऱ्याच्या बाजारपेठेत देशावरची मराठी ऐकू येते, कोकणातली येते, हिंदी-गुजरातीही येते. कुणाचे आजोबा बदलीवर आले नि राहिले, तर कुणी लग्न होऊन आली. बदलीच्या गावात बाईचं एक वेगळंच असतं. चूल मांडायची, शेजार जोडायचा, पोरं शाळेत रुळवायची, आणि रुळली की पुन्हा बोचकी बांधायची. ज्या राहिल्या त्यांनी गाव धरून ठेवलं.

पण गाव म्हणजे फक्त बाजारपेठ नव्हे. त्याआधीपासून इथं आहेत ते पाडे. महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे रान त्यांचं. कातकरी हे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या धंद्यावरून पडलं. जंगलाचे कायदे आले, खैर तोडायला बंदी झाली, धंदा गेला, नाव तेवढं राहिलं. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार अति असुरक्षित आदिवासी गटांत धरतं, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

स्टेशनवर आणि रस्त्याकडेला आपल्याला ज्या बाया दिसतात त्या याच पाड्यांवरच्या. एप्रिल-मे मध्ये पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं. मृगाचा पाऊस पडला की शेवळं, आणि त्यांची खाज मारायला सोबत काकडाची फळं. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. भाजी कशी करायची हेही त्या न विचारता सांगतात. पहाटे रान तुडवायचं, भाजी निवडायची, जुड्या बांधायच्या, टोपली डोक्यावर घेऊन लोकल पकडायची आणि कल्याण-ठाण्याच्या बाजारात बसायचं. संध्याकाळी परत येऊन पाणी भरायचं.

धरण उशाला, कोरड घशाला

पाण्याचं तर विचारूच नका. शहापूर तालुका म्हणजे मुंबईचा पाण्याचा हंडा. तानसा धरण १८९२ चं. पुढं भातसा आलं. शेजारीच वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर झालं आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईकराच्या नळातलं पाणी याच डोंगरांमधून जातं. आणि धरणांच्या याच मुलखात उन्हाळा लागला की पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. आपल्याकडची ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण जणू शहापूर-कसाऱ्यासाठीच कुणी रचली असावी. वर इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उतारानं पाणी खाली आणायची योजना मंजूर झाली आहे. ते पाणी शेवटच्या पाड्याच्या शेवटच्या घरात पोचेल तो दिवस सोन्याचा.

योजना आली की पहिला प्रश्न येतो, माणसं किती? माणशी किती लिटर पाणी, किती मोठी टाकी, किती नळ, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. अंगणवाडी मिळणार की नाही, आरोग्य उपकेंद्र कुठं होणार, हेही त्यावरच. म्हणूनच कसाऱ्याची लोकसंख्या किती, हा प्रश्न नुसता भूगोलाच्या पुस्तकातला राहत नाही. तो थेट हंड्यापाशी येतो.

फेब्रुवारीत घरी कोण असतं?

२०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख १४ हजारांच्या घरात भरली, मुरबाडची १ लाख ९० हजारांच्या घरात. त्या वेळी अखंड असलेला ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. आकडे मोठे आहेत. पण ते कधी घेतले, हे बघा.

त्या वेळची शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत. फेब्रुवारीत आपल्या शहरा-गावांत सगळे घरी असतात. हवा छान, परीक्षा अजून लांब, लग्नसराई यायची आहे. पण कातकरी पाड्यावर फेब्रुवारीत जाऊन बघा. घरांना कुडाची दारं लावलेली, काट्या टेकवलेल्या. एखादी म्हातारी आणि दोन-चार कोंबड्या. बाकी सगळं कुटुंब वीटभट्टीवर. भाताची कापणी, झोडणी झाली, दिवाळी सरली की भट्टीमालकाकडून ‘उचल’ घ्यायची आणि भिवंडी, कल्याण, वसईकडे निघायचं. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर.

जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या साऱ्या काळात जो घरी नसेल त्याला त्या घरात धरायचं नाही, जिथं असेल तिथं मोजायचं. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की कुटुंब भट्टीवर मोजलं गेलं, तर त्या माणसांचा आकडा भट्टीच्या गावाला जातो, आणि नजरेतून सुटलं तर कुठंच नाही. पाड्याच्या नावावर मात्र म्हातारीच उरते. पुढं पाण्याची टाकी बांधली जाते ती त्या हिशेबानं.

त्यात बाई आणखी एक पायरी खाली. वीटभट्टीवर मजूर धरतात तो बहुतेक करून ‘जोडी’नं. नवरा-बायको मिळून एक. विटांचा हजारी दर त्या जोडीचा, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबाची वहीही त्याच्याच नावाची. माती कालवणारी, विटा थापून, वाळवून, वाहून नेणारी बाई त्या वहीत वेगळी नसतेच. तिची पोरं शाळेतून गळतात, पोटुशी असेल तर गावच्या अंगणवाडीचा आहार तुटतो.

एका बाईचं गाव

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं एक गाव आहे. रेल्वे आली तेव्हा वसलेलं. कधीकाळी तिथं दीडशेच्या आसपास माणसं होती. पुढं शेतं मोठ्यांच्या हातात गेली, तरुण शहरात गेले, गाव रिकामं होत गेलं. २००४ मध्ये एका आजींचे यजमान वारले आणि त्या गावात एकट्या उरल्या. २०१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या नोंदली गेली, एक! त्या आजीच महापौर, त्याच खानावळ चालवणाऱ्या, त्याच वाचनालय सांभाळणाऱ्या. स्वतःकडे कर भरायच्या आणि स्वतःच पावती करायच्या. २०२० च्या गणतीत सरकारी आकड्यात लोकसंख्या दोन आली. लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून छोट्या गावांच्या आकड्यांत तिकडे मुद्दाम थोडा फरक करतात, त्यातून हे झालं. आजींना मात्र गंमत वाटली. गावात दुसरं कोण आहे, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं!

ऐकायला मजेशीर आहे. पण विचार करा. तिकडे एका बाईचं सबंध गाव होतं, तिची नोंद होते, जगभरचे वार्ताहर तिला भेटायला जातात. आणि इकडे अख्खे पाडे चार-सहा महिने रिकामे होतात, त्याची खबर शेजारच्या महामार्गालाही नसते.

‘काही नाही करत, घरीच असते’

आता हे वीटभट्टीवरच्या बायांचं झालं. पण मैत्रिणींनो, आपलं काय? दाराशी गणना करायला आलेल्या शिक्षिका विचारतात, “ताई, तुम्ही काय करता?” आणि आपण पटकन म्हणून जातो, “काही नाही, घरीच असते.” मागून सासूबाई दुजोरा देतात, “ती घरीच असते हो.” झालं! कागदावर ‘बिगर कामगार’ अशी नोंद.

२०११ च्या जनगणनेतली कामाची व्याख्या बघितली तर आपल्यापैकी कितीतरी जणी घरी बसलेल्या नव्हत्याच, असं कळेल. घरच्या शेतात बिनपगारी केलेली लावणी, निंदणी हे काम होतं. घरच्या दुकानात, खानावळीत, शिवणकामात लावलेला हातभार हे काम होतं. पैसे हातात पडले की नाही, याचा संबंध नव्हता. वर्षात सहा महिने किंवा अधिक केलं तर ‘मुख्य कामगार’, त्याहून कमी तर ‘सीमांत कामगार’. म्हणजे हंगामात करवंदं आणि रानभाजी विकणारी ठाकरीणसुद्धा सीमांत कामगार आहे, रिकामी नाही. घरासाठी आणलेलं पाणी आणि सरपण मात्र या व्याख्येत बसत नाही. दिवसातले कितीतरी तास त्यात जातात, तरीही नाही. त्याबद्दल भांडायला जागा आहे, आणि भांडायलाच हवं.

त्या गणतीत देशातल्या पुरुषांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक कामगार ठरले, बायकांपैकी साधारण साडेपंचवीस टक्के. गावोगावच्या बायका पुरुषांच्या निम्म्यानंच राबतात, हे कुणाला तरी खरं वाटेल का? आकडा खोटा नसेल, पण आपण दिलेलं उत्तर अपुरं होतं.

आणखी एक गंमत ऐका. एखाद्या मोठ्या गावाला जनगणनेत ‘शहर’ म्हणायचं की नाही, याचे तीन निकष होते. वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि मुख्य कामगार पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. नीट वाचलंत? पुरुषांपैकी! बाया काय करतात, यावरून गावाचं शहर होत नाही. आपल्या कसाऱ्यासारखी गावं शहर की खेडं, हे ठरवताना पहाटेच्या लोकलनं टोपली घेऊन जाणारी बाई जमेतच नव्हती.

आणि हे याच मुलखात व्हावं! कसाऱ्याच्या दक्षिणेला मुरबाड तालुका, तिथं नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. यज्ञात किती गाई दान दिल्या, किती नाणी दिली, याचा हिशेब त्यात आकड्यांनिशी कोरलेला आहे. भारतातल्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. एका बाईच्या नावानं दगडात हिशेब कोरला गेला, त्याच प्रदेशातल्या बायांचा हिशेब आज कागदावर नीट येत नाही.

डोंगराच्या पोटातून जाणारी वाट

कसाऱ्यानं खूप जाणं-येणं पाहिलं. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत हजारो कुटुंबं मुंबईहून पायी हा घाट चढून उत्तरेकडे गेली. काखेत पोर, डोक्यावर पेटी. २०२१ च्या जुलैत मुसळधार पावसानं उंबरमाळीला रूळ पाण्याखाली गेले, घाटात दरड आली, गाड्या जागीच थांबल्या. आणि ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटाच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा काढलाय. पूर्वी जो घाट चढायला तास-तास जायचा, तो आता काही मिनिटांत पार होतो. या रस्त्याच्या कामावर २०२३ मध्ये शहापूर तालुक्यातल्या सरळांब्याला यंत्र कोसळून वीस जणांचा जीव गेला, तेही विसरून चालणार नाही.

रस्ता चांगला झाला, वेळ वाचला, याबद्दल तक्रार नाही. पेशंटला नाशिकला किंवा ठाण्याला न्यायची वेळ येते तेव्हा वाचलेल्या मिनिटांची किंमत कळते. पण ज्या गावाचं पोट थांबणाऱ्या माणसांवर चाललं, त्या गावासमोर आता प्रश्न आहे, की कुणी थांबलंच नाही तर? बोगद्यात करवंदांची पाटी घेऊन बसता येत नाही. गाडी वेगानं गेली की चहाचा पेला आणि भाजलेलं कणीस मागे राहतं. रेल्वेनं वाढवलेली गावं रस्त्यानं रिकामी झाल्याची उदाहरणं जगात आहेत. कसाऱ्याचं तसं होऊ नये, तर आज तिथं कोण राहतं आणि कशावर जगतं, हे आधी नीट लिहिलं गेलं पाहिजे.

त्याची वेळही आली आहे. २०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली. आता ती २०२७ ची म्हणून ठरली आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस, म्हणजे शिरगणती पुन्हा फेब्रुवारीतच! जातीची नोंदही या वेळी होणार आहे. त्यामुळे आपल्या बचत गटात, भिशीत, हळदीकुंकवात हा विषय काढा. पाड्यावरच्या बायांना, भट्टीवर जाणाऱ्यांना सांगा, की कुठंही असलात तरी गणनेवाल्या बाईंना गाठा, घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगा, तान्ह्या लेकीचंसुद्धा. शाळेतल्या बाई गणनेच्या कामावर असतील तर गावाजवळच्या भट्ट्या कुठं आहेत ते त्यांच्या कानावर घाला. आणि तुमच्या दाराशी त्या आल्या, “ताई, तुम्ही काय करता?” असं त्यांनी विचारलं, तर घाई करू नका. पदराला हात पुसा, खुर्ची द्या, आणि पहाटेपासून सगळं सांगायला घ्या.